फिरून फिरून ६१७४

तासगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक पटवर्धनांच्या गणपती देवळाचे उंच गोपुर आणि दुसरी बेदाणा. फेब्रुवारी उजाडला की सांगलीहून तासगावला येताना रस्त्याच्या कडेला जाळीच्या रॅकवर द्राक्षे वाळत पडलेली दिसतात. चार किलो द्राक्षे सुकली की साधारण एक किलो बेदाणा हाती येतो. बाकीचे सारे पाणी उन्हावाऱ्याने नेलेले असते. या गावात लहान पोरेसुद्धा हिशेबात तयार असतात, अशी आमची समजूत होती.

ती समजूत या वर्षी आमच्याच बहिणीच्या घरात खोटी ठरली. सातवीतली भाची आम्ही गेल्यावर धावत आली नाही. "मामू, सलाम" एवढे म्हणून आत गेली ती मगरिबपर्यंत बाहेर आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की सहामाहीत गणितात जेमतेम गुण पडले आहेत. घरात तिचे नाव "गणितातली कच्ची" असे पडूनही गेले होते. मेहुणे बेदाण्याच्या शेडवर कामाला आहेत. दिवसभर उभे राहून थकलेल्या आवाजात ते म्हणाले, "तिच्या डोक्यात हिशेब बसतच नाही. दहावीपर्यंत शिकवू, मग बघू. उगाच फी कशाला घालवायची?" त्यांना मुलीचा राग नव्हता. त्यांनी फक्त फीचा हिशेब मांडला होता, पण त्या हिशेबात एका मुलीची पुढची सगळी वर्षे वजा होत होती.

त्या रात्री आम्ही काही उपदेश केला नाही. पाटी मागवली आणि घरच्या सगळ्यांना एक खेळ सांगितला. तो खेळ आज वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण तो जगाला देणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रातला, देवळालीचा एक साधा शाळामास्तर होता.

खेळ असा आहे

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. म्हणजे २२२२ किंवा ७७७७ चालणार नाही. आता त्या चार अंकांपासून होणारी सर्वांत मोठी संख्या लिहा, तिच्याखाली सर्वांत लहान संख्या लिहा आणि वजाबाकी करा. जे उत्तर येईल त्याच्या अंकांचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून त्याला चार अंकी ठेवा. ते शून्य टाकून दिले तर खेळ बिघडतो. १००० घेतले तर पहिले उत्तर ९९९ येते, पण ते ०९९९ असे लिहून पुढे जायचे.

घरात सर्वांत वडील दादी, म्हणून पहिली संख्या त्यांनी द्यायची असे ठरले. दादींचा जन्म स्वातंत्र्याच्या सालचा. त्या म्हणाल्या, "लिहा, १९४७."

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे पुन्हा तसेच करा. ७६४१ मधून १४६७ वजा केले की उत्तर ६१७४. पुन्हा करा, पुन्हा ६१७४. "फिरून फिरून भोपळे चौक" म्हणतात ना, तसे. जकात चुकवायला रात्रभर आडवाटेने हिंडलेला माणूस सकाळी त्याच नाक्यावर हजर!

मेहुण्यांनी २०२४ दिले. ३९९६, ६२६४, ४१७६ आणि चौथ्या पावलाला ६१७४. आम्ही हिजरी सन १४४६ घेतले. ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पावलाला ६१७४. बहीण चहा ठेवता ठेवता म्हणाली, "यात काहीतरी हातचलाखी आहे." हातचलाखी नाही, हे पुढे सांगतोच. आधी पाटीवर काय घडले ते सांगू.

दादींचा ताळा

वर जी पाच ओळींची वजाबाकी दिली, ती पाटीवर इतकी सरळ उतरली नव्हती. पाटी भाचीच्या हातात होती. पहिल्या तीन ओळी तिने बरोबर केल्या. चौथ्या ओळीत ८७३० मधून ०३७८ वजा करताना तिने उत्तर लिहिले, ८३६८. आम्ही काही बोलण्याआधीच पलंगावरून दादींचा आवाज आला, "चुकलं गं बेटा. ताळा लागत नाही."

दादी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण जन्मभर बेदाणा निवडायला जाणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशेब त्यांनीच ठेवला, कधी वहीत तर कधी कोळशाने भिंतीवर. नवाचा ताळा त्यांच्या बोटांवर आहे. उत्तराचे अंक मिळवायचे आणि बेरीज नवाच्या पाढ्यातली आहे का ते पाहायचे. ८२६२ ची बेरीज १८. ६३५४ ची १८. ३०८७ ची १८. आणि ८३६८ ची? २५. पंचवीस नवाच्या पाढ्यात नाही. म्हणजे या ओळीत चूक आहे.

या खेळात प्रत्येक उत्तर नवाच्या पाढ्यातले का असते, तेही सोपे आहे. कोणत्याही संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा केली की उरते ते नवाच्या पटीत असते. ५२ मधून ७ गेले, ४५ उरले. वजाबाकीच्या वरच्या आणि खालच्या संख्येत अंक तेच आहेत, फक्त जागा बदललेल्या. दोघींच्या अंकांची बेरीज सारखीच, म्हणून दोघींतला फरक नवाने भागला जाणारच. अरबी गणितज्ञांच्या हिशेबाच्या जुन्या ग्रंथांतही हा नवाचा ताळा आढळतो आणि आपल्याकडच्या दुकानदारांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला.

मग आम्ही भाचीला विचारले, "८३६८ कसे आले, जरा बोलून दाखव." ती हळूच म्हणाली, "शून्यातून आठ जात नाही ना मामू, म्हणून खालचे आठच लिहायचे." पुढच्या घरात मात्र तिने हातचा बरोबर घेतला होता. तीनमधून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक घेतला, तेरातून सात गेले, सहा राहिले. पण वर शून्य असले की हातचा घ्यायचाच नाही, असा एक चुकीचा नियम तिच्या मनात घट्ट बसला होता. कुठल्या तरी इयत्तेत, कुणाच्या तरी घाईत तो तसा बसला आणि पुढे कुणी विचारलेच नाही.

तिची सहामाहीची उत्तरपत्रिका काढून पाहिली. जिथे जिथे वर शून्य होते, तिथे तिथे हीच चूक. दशांश अपूर्णांकांत तीच, नफातोट्याच्या उदाहरणात तीच. रीत बरोबर, समीकरण बरोबर आणि शेवटची वजाबाकी चुकलेली. कच्ची होती ती एकच वीट आणि घरच्यांनी सगळी भिंत कच्ची ठरवली होती. मेहुणे उत्तरपत्रिका हातात धरून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तिला येतं तर."

देवळालीचे कापरेकर मास्तर

हा खेळ शोधणाऱ्याचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. शिक्षण ठाण्याला, मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले आणि त्यानंतर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून लागले, ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत.

विद्यापीठात त्यांना खुर्ची नव्हती आणि पदव्युत्तर पदवीही नव्हती. पण आकड्यांशी त्यांची अशी दोस्ती होती की १९४६ साली त्यांना ६१७४ चा हा गुण सापडला. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या परदेशी नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. आज जगभर ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

आपल्याकडे मात्र बऱ्याच विद्वानांनी "ही पोरखेळाची आकडेमोड, यात गणित ते कुठले" म्हणून त्यांना बाजूला ठेवले. मास्तर थांबले नाहीत. पदरच्या पैशांनी छोट्या पुस्तिका छापल्या, मिळेल त्या परिषदेला गेले. निवृत्तीनंतर पेन्शन अपुरे पडू लागले, तेव्हा गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून संसार चालवला. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गाजलेल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि सत्तरीच्या मास्तरांचे नाव सातासमुद्रापार घरोघरी पोचले. १९८६ मध्ये ते गेले.

तासगावात बसून हे सांगताना आम्हाला याच तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे आठवले. त्यांनीही प्रयोगशाळेत नव्हे, तर द्राक्षाच्या बागेतच नजर ठेवून थॉमसन जातीच्या वेलींतून वेगळी वेल निवडली. तीच पुढे 'तास-ए-गणेश' नावाने बागाबागांत पसरली. मास्तरांनी आकडे पाहिले, आर्व्यांनी वेली पाहिल्या. दोघांकडेही होते ते डोळे आणि चिकाटी.

हातचलाखी का नाही?

आता बहिणीच्या शंकेचे उत्तर. ०००० पासून ९९९९ पर्यंत एकूण दहा हजार संख्या. त्यांतल्या सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर ९९९० उरल्या. त्या सगळ्यांची परीक्षा कशी घ्यायची?

समजा, चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडले. वजाबाकीत पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक ९९९ ने गुणला जातो आणि मधल्या दोन अंकांतला फरक ९० ने. दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. उदाहरणार्थ ७६४१. बाहेरच्या अंकांतला फरक ६, मधल्यांतला २. म्हणून ९९९ × ६ = ५९९४ आणि ९० × २ = १८०. बेरीज ६१७४. मूळ संख्या कोणती होती हे पाहायचेच नाही, हे दोन फरक तेवढे पुरेत.

बाहेरचा फरक १ ते ९ मधला असणार आणि मधला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. म्हणजे जवळजवळ दहा हजारांची ही गर्दी पहिल्याच पावलात ५४ दारांतून आत येते. त्या ५४ उत्तरांची वाट एकेक करून तपासली की झाले, शाळकरी मूलही एका सुटीच्या दिवशी ते वहीत करू शकते. तपासल्यावर दिसते की सगळ्या वाटा ६१७४ लाच मिळतात आणि सातपेक्षा जास्त पावले कुणालाच लागत नाहीत. ३८३ संख्या एकाच पावलात पोचतात, २४०० संख्यांना तीन पावले लागतात आणि २१८४ संख्यांना पुरी सात.

ज्या रीतीत ठरलेली पायरी पुन्हा पुन्हा करत जायचे, तिला आज संगणकाच्या भाषेत 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे मुलांना जरूर सांगावे. नवव्या शतकात त्यांनी हिंदुस्थानातल्या अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहिला. त्याचे लॅटिन भाषांतर युरोपात गेले आणि त्यांच्या नावाचाच तिकडे शब्द झाला. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांनी भरलेला आहे. वाटणी बिनचूक व्हावी, कुणाचा हक्क बुडू नये, म्हणून गणित लागते, ही जाण त्यात आहे. अरबी भाषेत या अंकांना आजही 'हिंदी अंक' म्हणतात.

आणखी काही गमती

६१७४ ची एवढीच करामत नाही. त्याच्या अंकांची बेरीज ६ + १ + ७ + ४ = १८. आता ६१७४ ला १८ ने भागा. उत्तर नेमके ३४३ येते आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज करा. पुन्हा ६१७४!

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना मास्तरांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या असे नाव दिले होते. आणखी एक कुळ 'कापरेकर संख्यां'चे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. मोठी पाहिजे तर २९७ घ्या. वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. आपल्या गावावरही त्यांचा जीव होता. 'स्वयंभू' संख्यांना त्यांनी 'देवळाली संख्या' असेही म्हटले. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिचेच अंक मिळवले तर दुसरी संख्या होते, जसे १५ + १ + ५ = २१. पण २० ही अशी कुणापासूनच होत नाही. म्हणून ती स्वयंभू.

हा आकडा शुभ आहे का?

खेळ रंगात आला असताना शेजारचे टेम्पोवाले भाई डोकावले. सगळे पाहून म्हणाले, "गाडीचा नंबर हाच घ्यावा म्हणतो. बरकत येईल." सगळे हसले, पण मनातला प्रश्न त्यांनी बोलून दाखवला होता.

उत्तर पाटीवरच आहे. तीन अंकी संख्या घेतली तर वाट ४९५ ला जाते. ७८६ घेऊन पाहा: १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५. दुसरी कोणतीही तीन अंकी संख्या घेतली तरी तेच, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. दोन अंकी संख्यांत कुठेच थांबा नाही. ९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असे गोल गोल फिरणे. पाच अंकी संख्यांनाही एकच मुक्काम नाही. म्हणजे ६१७४ चा गुण आपल्या दहाच्या पटीत लिहिण्याच्या पद्धतीतून आणि चार घरांच्या मांडणीतून आला आहे. आपण आठाच्या पटीत मोजत असतो तर हा आकडाच आपल्याला असा भेटला नसता. त्यात नशीब नाही आणि नजर उतरवण्याची ताकदही नाही. कारण समजले की आकड्याची भीती जाते आणि आकड्याची पूजाही जाते.

सातवे पाऊल

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी भाचीने आमच्यासमोर वही धरली. तिने तासगावच्या टेलिफोनचा एस.टी.डी. कोड घेतला होता, ०२३४६. पुढचे शून्य सोडून २३४६.

६४३२ − २३४६ = ४०८६
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात ताळा मांडलेला, १८, १८, १८, २७... दुसऱ्या ओळीत वर शून्य होते. तिथे तिने हातचा घेतला होता आणि त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. आमचे गाव पुरी सात पावले चालते, असे ती अभिमानाने म्हणाली. मेहुणे सायकलला पाय लावून उभे होते. दहावीनंतरची गोष्ट त्यांनी काढली नाही, आम्हीही काढली नाही. एवढेच म्हणाले, "संध्याकाळी मलाही दाखव. शेडवरच्या पोरांना घालतो कोडं."

एका रात्रीत ती मुलगी गणितात पहिली येणार नाही. हातच्याची सवय मोडायला आणि जोडायला महिने लागतील, रोज दहा वजाबाक्या लागतील. पण "डोक्यात बसत नाही" आणि "शून्य वर असले की अडते" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्याने शाळेचे दार बंद होते. दुसऱ्यावर औषध आहे.

वाचकहो, आपल्या घरात असे "कच्चे" ठरवलेले मूल असेल तर आज रात्री जेवणानंतर मोबाइल बाजूला ठेवून एक पाटी घ्या. आजोबांच्या जन्माचे साल, घराचा नंबर, गाडीचा नंबर, काहीही चालेल. पाटी मुलाच्या हाती द्या आणि ताळा घरातल्या वडीलधाऱ्यांना पाहू द्या. उत्तर चुकले तर रागावू नका. एवढेच विचारा, "कसे आले, बोलून दाखव." ६१७४ येणारच आहे, कारण सात पावलांच्या पलीकडे त्याची वाट जात नाही. मूल कुठे अडखळते, ते मात्र त्या सात पावलांत नीट पाहून घ्या.